रेघांचे आठ मणी

६ जानेवारी २०२५, सोमवार

निमजे परत येतोय.

सकाळी नळावर पाण्याचा गुंड भरत होते, तेव्हा मुखरूभाऊंनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नागपूरचे थे सर येऊन राह्यले. बोडीच्या काठानं खोदकाम हाय. सरकारची परवानगी घेतली म्हंते. पंधरावीस मजूर पाह्यजे." बायका खूश झाल्या. धान निघाल्यावर आमच्या पळसबोडीत काम असतं कुठे? मी भरलेला गुंड तिथेच ठेवून घरी आले. मायने विचारलं, "पाणी कुठी हाय वं?" मला आठवेचना.

नागपूरला खोलीवर एकटी राहायचे तेव्हा वही लिहायची सवय होती. आजपासून पुन्हा लिहिते. पुढे माझं मन नरम पडलं तर हे पान काढून वाचता यावं म्हणून.

झालं ते असं. मे २०२२ मध्ये बोडीतला, म्हणजे आमच्या गावतळ्यातला, गाळ जेसीबीने काढत होते. मासेमारी सोसायटीकडून देखरेखीला बाबा होते. काठावर जुन्या मोठ्या दगडांचा गोल आहे, त्याच्याजवळची माती उकरली गेली आणि त्या ढिगात बाबांना लाल मणी दिसले. त्यांनी ते वेचले, धुतले, तंबाखूच्या डबीत ठेवले. मी तेव्हा नागपूरला खड्यांच्या कारखान्यात होते. दोन दिवस घरी आले तर बाबांनी डबी माझ्या ओंजळीत उपडी केली. "पाय बरं, काय हाय हे?"

मी एक मणी गालाला लावला. थंडगार. काच इतका वेळ थंड राहत नाही. उन्हात धरला तर आत सगळीकडे सारखा नारिंगी उजेड. लाल अकीक. दुकानात त्याला कार्नेलियन म्हणतात. एकूण एकतीस होते, मी स्वतः मोजले. तेवीस साधे. आठांवर बारीक पांढऱ्या रेघा, दगडाच्या अंगातच मुरलेल्या.

जूनमध्ये डॉ. धनराज निमजे आला. जुन्या वस्तूंचा संशोधक. आमच्या घरी चहा प्यायला, "अभ्यासासाठी नेतो" म्हणाला आणि साध्या कागदावर लिहून दिलं: लाल दगडी मणी, नग २३. महिन्याभरातच पेपरात फोटो आला, मणी आणि त्याचं हसणं. "डॉ. निमजे यांचा शोध." बाबांचं नाव कुठे नाही. गावात उठलं की इस्तारीने, म्हणजे बाबांनी, गुप्तधन विकलं, सोनंही होतं. तहसीलला तीनदा बोलावणं आलं. बाबांनी निमजेला माझ्या मोबाइलवरून फोन लावले. एकदाही उचलला नाही. "मणी मी नेले, फुकट नेले," एवढं एक वाक्य तो बोलला असता तर सुटलं असतं. मुखरूभाऊ सोसायटीचे अध्यक्ष; त्यांनी चौकशी होईपर्यंत म्हणून बाबांना सोसायटीतून काढलं. चौकशी कधी संपली कोणालाच माहीत नाही. बाबा अडीच वर्षं बोडीवर गेलेले नाहीत. जाळं खुंटीवर आहे. मी नागपूरचं काम सोडून आले ते यासाठी.

आणि रेघांचे आठ मणी निमजेने खिशात घातले. हे मी बाबांना म्हटलं, तेव्हा ते उठून गोठ्यात गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. इतका घाव बसला होता त्यांना.

९ जानेवारी

तीन दिवस विचार केला. त्याच्या गाडीची काच फोडता येईल. तोंडावर शिव्या देता येतील. दोन्हींनी त्याचं काही जाणार नाही. त्याचं जे काही आहे ते नाव आहे, तिथेच मारायला हवं.

मला अकीक घासता येतो, भाजता येतो, भोक पाडता येतं. रेघा कशा काढतात ते खंभातच्या उस्तादांनी कारखान्यात एकदा दाखवलं होतं. मी आठ मणी बनवणार. त्याने चोरले तसेच आठ, म्हणजे ओळखले तरी त्याला तोंडाने सांगता येणार नाही. त्याच्याच खड्ड्यात पुरणार. त्याला सापडतील, तो नाचेल, पेपरवाल्यांना बोलावेल. मग मी बनवताना मोबाइलवर काढलेले व्हिडिओ त्याच पेपरवाल्यांना दाखवणार. पहिल्या दगडापासून शेवटच्या रेघेपर्यंत. त्यानंतर आयुष्यभर त्याने काहीही खोदून काढलं तरी लोक विचारतील, हे कोणी बनवलं, सर?

आज भाकरी चांगली लागली.

१२ जानेवारी, रविवार

फटफटी घेऊन वरोऱ्याकडच्या एका नाल्यात गेले. ही गाडी बाबांनी सोसायटीतून निघायच्या आधी बोनसवर घेतली होती, जुनीच, पण हौसेने. आता हात लावत नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. मग मीच चालवते.

कच्चा अकीक कोणाच्या नजरेत भरत नाही. मळकट, पिवळसर, बटाट्यासारखा. पायाखाली येतो आणि लोक पुढे जातात. उस्ताद म्हणायचे, "इसके अंदर लोहा सोया है, आग उसको जगाती है." मी ओले करून उजेडात धरून पंचवीस निवडले. घरी सांगितलं, चिमूरच्या बाजारात विकायला माळा करणार आहे. खोटं नाही. माळाही करणार.

दगड छपरावर उन्हात टाकले. आतला ओलावा जायला हवा, नाहीतर आगीत फुटतात.

२२ जानेवारी

आज भाजले. मडक्यात खाली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि कोंडा, मध्ये दगड, वर पुन्हा कोंडा, तोंडावर खापरी, भोवती गोवऱ्या. घाई चालत नाही. आग भडकली की दगड तडकतो, आणि गरम असताना उघडलं तरी तडकतो.

बाबा बाजूला येऊन बसले. त्यांनी न सांगता दोन गोवऱ्या मागे ओढल्या. "जास्त होऊन राह्यली," म्हणाले. मासे भाजणाऱ्याला आग कळते. खूप दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो. मला सांगावंसं वाटलं की तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं. सांगितलं नाही.

२३ जानेवारी

मडकं उघडलं. अकरा तडकले. चौदा निघाले, आणि त्यातले नऊ असे लाल की माय पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली. "मंगळसूत्रात घालाले पोवळ्याहून बरे दिसन," म्हणाली. मी तिला सांगितलं की पोवळं नखाने नाही तरी सुरीने ओरखडतं, यावर सुरीच झिजते. जुन्या काळी याच्या मोहरा करायचे, कारण गरम लाख याला चिकटत नाही, ठसा साफ उठतो. कंबरेच्या साखळीत, अंगठीत, पोरांच्या गळ्यात, सगळीकडे हाच. बोलत सुटले होते. माय हसली. "लई दिवसानं तुह्या तोंडातून इतके शब्द निंगाले."

निमजेला हे ऐकवायला हवं होतं, म्हणजे कळलं असतं कोणाशी गाठ आहे.

२८ जानेवारी

घासून आकार दिला. भोकं हाताने, धनुकलीने, म्हणजे दोरीच्या कमानीने गिरमिट फिरवून. विजेच्या ड्रिलने भोक सरळ आणि गुळगुळीत पडतं, भिंगातून लगेच कळतं. जुने लोक दोन्ही बाजूंनी पाडायचे आणि मध्ये जिथे भेट व्हायची तिथे बारीक पायरी राहायची. माझ्या आठही मण्यांत पायरी आहे. उजव्या तळव्याला फोड आलेत. प्रत्येक फोडावर त्याचं नाव.

३१ जानेवारी

रेघांना तीन दिवस लागले. मायच्या डब्यातला पापडखार आणि धावड्याचा डिंक कालवून, बाभळीच्या काट्याने मण्यावर रेघ ओढायची, वाळवायची आणि निखाऱ्यावरच्या तव्यात झाकून ठेवायची. पहिल्या दिवशी सगळं पसरलं. दुसऱ्या दिवशी रेघा दिसल्याच नाहीत. आज झाकण काढलं, राख फुंकली आणि लालावर पांढऱ्या रेघा. नखाने खरवडल्या. जात नाहीत, आत गेल्यात.

मला ते आठही डोळ्यांसमोर दिसतात. एकावर मूळ कारागिराचा हात हलला होता, एक रेघ दोनदा गेली होती. ती चूकही मी तशीच काढली.

माय ओरडत होती, "पापडखार कुठी गेला माहा?"

२ फेब्रुवारी, रविवार

नवे मणी फार चमकतात. प्लास्टिकच्या बाटलीत मणी, रेती आणि पाणी घालून ती फटफटीच्या मागच्या चाकाला तारेने बांधली आणि चिमूरला दोन चकरा मारल्या. खुळखुळ खुळखुळ. रस्त्यात लोक बघत होते. उतरवले तेव्हा असे मंदावलेले, जसे शेकडो वर्षं मातीत होते. मग बोडीच्या चिखलात ठेवले.

बाबांनी तार पाहिली. "चाकाले काय बांधलंतं?"

"डबा वाजत होता."

ते गाडीकडे बघत राहिले. गाडीकडे बघितलं की त्यांचा चेहरा पडतो, हे मी आज नीट पाहिलं. जुने चांगले दिवस आठवत असतील.

३ फेब्रुवारी

काम सुरू झालं. मी मजुरीवर लागले, मातीच्या चाळणीवर. निमजे म्हातारा दिसायला लागलाय. हजेरीत आडनाव ऐकून त्याने मला ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "इस्तारीभाऊ कसे आहेत?"

"जिवंत हायेत."

त्याने चष्मा काढून पुसला आणि दुसरीकडे गेला. बघायचं तेव्हा बघता येत नाही याला.

७ फेब्रुवारी

त्याच्याबरोबर एक विद्यार्थिनी आहे, आचल. वडशाची. बावीसएक वर्षांची असेल, ब्रशने माती झाडते, दिवसभर उन्हात बसते आणि जेवायला फक्त बिस्किटं. मला आवडत नाही ती. त्याच्या बाजूची. आज तिला डब्यातली झिंग्यांची भाजी दिली, कारण बिस्किटं खाणाऱ्याकडे बघवत नाही. तिने तीन वेळा वाढून घेतली. "बाई, आमच्याकडे वडशालेबी असी नाई बनत." मला बाई म्हणते. मी काय तिची मावशी आहे?

तिने मला दगडांच्या वर्तुळाच्या आतली माती कशी ओळखायची ते शिकवलं. कामाला येईल.

१२ फेब्रुवारी

पुरले. दुपारी सगळे पळसाखाली जेवायला बसले होते. मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत गेले. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत, उद्यापरवा जिथपर्यंत खोदतील त्या थराला, छत्रीच्या काडीने भोकं करून एकेक मणी आत सारला आणि ओल्या मातीने बुजवलं. परत येऊन पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी

सापडले! चार. आचलला.

ती आधी ओरडलीच नाही. हातात ब्रश घेऊन तशीच बसली, मग बारीक आवाजात म्हणाली, "सर." निमजे धावत आला. गुडघ्यावर बसला. भिंग लावलं, मणी फिरवून भोक बघितलं, रेघा बघितल्या. मी चाळणी हलवत होते, कान तिकडे. त्याने मान वर केली तेव्हा डोळे भरलेले.

रड. अजून खूप रडायचं आहे.

मग तो आचलला म्हणाला, "नोंदवहीत शोधणारी म्हणून तुझं नाव लिही. पूर्ण नाव. आत्ताच लिही." आता सुचतं याला.

आचलने घरी फोन लावला आणि आईशी बोलताना रडायला लागली. मग येऊन माझ्या गळ्यातच पडली. तिच्या केसांत माती होती. मी म्हटलं, बरं झालं. दुसरं काय म्हणणार? तिचं काही नुकसान होणार नाही. होणार ते त्याचं.

१७ फेब्रुवारी

उरलेले चार. निमजेने नागपूरला, पुण्याला, कुठे कुठे फोन केले. येत्या रविवारी गावकऱ्यांना आणि दोन पेपरवाल्यांना बोलावून मणी दाखवणार आहे. मोबाइलमधले व्हिडिओ एका ठिकाणी जमवून ठेवले. चौदा आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज निमजेने बाबांना बोलावून घेतलं. मला न विचारता. आचल घरी गेली आणि हात धरून घेऊन आली. अडीच वर्षांनी बाबा बोडीच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढले. मुखरूभाऊ आणि सोसायटीचे लोक जाळी आवरत होते, ते बघत उभे राहिले. कोणी हाक मारली नाही.

निमजे म्हणाला, "इस्तारीभाऊ, पहिला मणी तुम्हाला सापडला होता. हे तुम्ही बघायलाच हवेत." आणि कापसावर मांडलेले आठ मणी त्यांच्यासमोर धरले.

बाबांनी मोजले. ओठ हलताना दिसले मला. मग एक उचलला, ज्याच्यावर रेघ दोनदा गेलीय तो. उन्हात धरला. परत ठेवला. "मले जरा बरं वाटून नाई राह्यलं," म्हणाले आणि एकटेच घरी गेले.

त्यांना आपले जुने मणी आठवले. निमजेला एवढीही शरम नाही.

२१ फेब्रुवारी

काय लिहू.

सकाळी मी कामाला निघाले तर बाबा आंगणात उभे. "आज जाऊ नको. बस." माय चुलीपाशी होती, तिने मान खाली घातली. म्हणजे तिला माहीत होतं.

"थे मणी तुवा बनवले," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "मी कायले बनवीन?"

"चुकलेली रेघबी बरोबर काढली. थे आठ मणी मी, तुही माय आन तू, तिघांनीच पाह्यले. आन बोडीत थे सापडूच शकत नाई, पोरी. थे म्या इकले."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"चिमूरच्या बजारात खडेवाल्याले. निमजेसर यायच्या पंधरा दिवस पह्यले. थ्यानं तेवीस नेले, तेवीसच लिवले. चोरी नाई केली थ्यानं."

"काऊन इकले?"

त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. छपराखाली फटफटी उभी होती.

"सोसायटीत सारे गाडीवर यायचे," ते म्हणाले. "मी एकटाच पायदल. वाटलं, मातीतलं हाय, कोणाचं हाय? तहसीलले बलावलं तवा सांगाची हिंमत नाई झाली. लोक म्हने इस्तारीनं इकलं. खोटं कुठी होतं?"

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं. अडीच वर्षं मी एका माणसाला चोर म्हणत राहिले. माझ्या हाताला फोड आले. मी काय काय बोलले लिहवत नाही. तुम्ही भित्रे आहात असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. माय म्हणाली, "बस कर, दिव्या." मी म्हटलं, "तू चूप राय."

मग बाबा म्हणाले, "थ्यानं फोन नाई उचलला, हे खरं हाय. तेवढं थ्याचं. बाकीचं माहं. थ्याच्या अंगावर माहं नको टाकू."

दिवसभर मागच्या पडवीत बसले. रागाला जायला जागाच राहिली नाही. चोरी नव्हती, तर मग मी कोणासाठी हे केलं? व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये आहेत. रविवारी दाखवले तर निमजे बुडेलच. पण हा नमुना कुठून घेतलास हे विचारतील आणि पहिलं बोट बाबांवर जाईल.

तरी एक गोष्ट खरी आहे. त्याने फोन उचलला नाही. ती मी सोडणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी निमजेच्या तंबूत गेले. आचल चहा गाळत होती. मी काही न बोलता मोबाइल त्याच्यासमोर ठेवला आणि पहिला व्हिडिओ लावला. मडकं. मग धनुकली. मग काटा आणि पापडखार. तो एकही मधे न थांबवता बघत राहिला. सहाव्या व्हिडिओला म्हणाला, "पुरे."

मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "भोकातली पायरीसुद्धा." मग, "का?"

मी सांगितलं. कागद, पेपर, तहसील, सोसायटी, आणि फोन. "अकरा वेळा लावला. मी स्वतः नंबर दाबून देत होती."

"मोजले होते मी," तो म्हणाला.

"मंग काऊन नाई उचलला?"

"मणी मी साध्या कागदावर नेले होते. असं काही सापडलं की सरकारदरबारी कळवावं लागतं. मी कळवलं नव्हतं. फोन उचलला असता तर तुझ्या वडिलांच्या बाजूला मलाही उभं राहावं लागलं असतं. घाबरलो. नंतर कळवलं, पण तेव्हा चौकशी थांबली होती आणि मी... मी आलो नाही." त्याने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तुला जे करायचं ते कर."

मी किती दिवस या घटकेची वाट बघितली होती. तो समोर बसला होता, खांदे पडलेले. मजा यायला हवी होती.

मी म्हटलं, "उद्या लोक येतीन. थ्यायच्यासमोर हेच सांगा. शब्द न शब्द. नाई सांगतलं तं मी हे दाखवते."

"ही धमकी आहे?"

"हो."

तो म्हणाला, "सांगतो."

मी बाहेर आले तर आचल मागून आली. चहाची गाळणी अजून हातात. "बाई, तुमचं सरांशी भांडण होतं. मले काऊन मधात घेतलं? माह्या मायनं गल्लीत पेढे वाटले." ती उभी राहिली, वाट बघितली आणि परत गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

सारं गाव आलं होतं. पेपरवाल्यांना निमजेने आधीच सांगितलं, नवीन काही सापडलेलं नाही, मण्यांबाबत चूक झाली. ते वैतागून चहा पिऊन गेले. मग तो ओट्यावर उभा राहिला. हातात कागद होता, पण बघितला नाही. बोडीचे पहिले मणी इस्तारीभाऊंना सापडले, त्यांनी एक पैसाही न घेता दिले, मी स्वतःचं नाव लावलं, त्यांचे फोन उचलले नाहीत, कारण मी घाबरलो. एवढं बोलला. वाईट बोलला, मध्ये मध्ये अडखळला. शेवटी बाबांकडे वळून हात जोडले.

मी मुखरूभाऊंकडे बघत होते. ते जमिनीकडे.

आणि मग बाबा उठले. हे ठरलं नव्हतं.

"सरांनी थ्यायचं सांगतलं, आता माहं आयका," म्हणाले. "सरांले तेवीस देल्ले. आठ म्या चिमूरले इकले. थ्याचीच फटफटी हाय. तुमी म्हनत होते इस्तारीनं इकलं, तं बराबर म्हनत होते."

मागून कोणीतरी विचारलं, "म्हंजे सोनं नव्हतं?"

"सोनं असतं तं म्या जुनी फटफटी घेतली असती का बे? कार नसती घेतली?"

आधी एक हसला, मग सगळे. मुखरूभाऊसुद्धा. बाबा हसले नाहीत, पण खाली बसताना त्यांनी पाठ टेकवली, जशी पूर्वी टेकवायचे.

माझ्या मण्यांचं कोणी काही विचारलं नाही. बाबांनी सांगितलं नाही, निमजेनेही नाही. मी स्वतःहून उठेन असं मला एकदा वाटलं. उठले नाही. हे लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

चाळणीवर गेले. मला काढून टाकतील असं वाटलं होतं. आचलने माझ्यासमोर नोंदवहीतल्या आठ ओळींवर रेघ मारली. मग मणी एका पाकिटात घातले आणि वर लिहिलं: नवीन, सन २०२५, घडवणारी दिव्यानी इस्तारी नान्हे, पळसबोडी. "नाव बराबर हाय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो. तिने डिंक लावला. मी डबा पुढे केला. तिने घेतला नाही, बिस्किटं खाल्ली.

निमजेसर म्हणाले, उद्या ते तहसीलला जाणार आहेत, स्वतःचं लेखी द्यायला. बाबा म्हणाले, मीबी येतो.

मी सरांना माफ केलेलं नाही. पण आज त्यांच्यासाठी पाणी आणून ठेवलं. ऊन फार होतं.

२५ फेब्रुवारी

एसटीने चिमूरला गेलो, बाबा, मी आणि निमजेसर, एका बाकड्यावर. तहसीलमध्ये दोन तास बसवलं. सरांनी आपलं दिलं. कारकून म्हणाला, विकलेल्या आठांची चौकशी होईल, खडेवाल्याला शोधतील, पुन्हा यावं लागेल, काय होईल सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "येईन."

मग त्यांची पाळी आली.

"नाव?"

"इस्तारी डोमा नान्हे."

"वय?"

"अठ्ठावन असंन."

"धंदा?"

बाबा मागे तीनदा इथे आले होते तेव्हा हाच प्रश्न होता. तेव्हा ते म्हणाले होते, काही नाही. सोसायटीने अजून परत घेतलेलं नाही. मुखरूभाऊ काल नुसतं पाहू म्हणाले.

"मासे धरतो," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"पळसबोडीले. बोडीत."

कारकुनाने टाइप केलं, कागद काढला आणि पुढे सरकवला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. "वाचून दाखव." मी नावापासून सुरुवात केली. धंद्याच्या ओळीवर आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

"पुढं वाच," बाबा म्हणाले.